नांदेड ते सॅन फ्रान्सिस्को किती लांब आणि किती तास: आईला घेऊन गेलो तेव्हाचा हिशोब

सॅन फ्रान्सिस्कोला किती तास लागतात असं विचारलं तर आमच्या गल्लीतले एक काका म्हणाले दहा तास, तिकीट काढून देणाऱ्यानं सांगितलं बावीस तास, आणि ताई तिकडून फोनवर म्हणायली की दीड दिवसाच्या वरच धरून चल. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, मोजायला सुरुवात प्रत्येकानं वेगळ्या जागेवरून केलेली. मला मात्र नक्की आकडा पाहिजे होता. सोबत आई होती, सत्तरीच्या पुढची, शुगरची गोळी चालू, गुडघे दुखणारे, आणि ताईच्या बाळंतपणासाठी तिला तिकडं पोचवायचं होतं. गोळी कधी द्यायची, जेवण कधी, किती वेळ एका जागी बसावं लागंल, हे सगळं त्या तासांवर अवलंबून. म्हणून मी कागद घेऊन बसलो आणि सगळं नीट मांडलं. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर इकडची कितीतरी पोरं आता तिकडं आहेत, त्यांचे आईवडील पहिल्यांदा जायलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी अंतराचं बघू. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडं असते, म्हणून वाटतं की विमान अरबस्तान, युरोप, मग अटलांटिक असं आडवं आडवं जात असंल. पण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल, त्यामुळं अंतर नकाशावर मोजताच येत नाही. मी पोरीच्या शाळेचा पृथ्वीगोल काढला आणि एक दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक हैदराबादवर, कारण विमान तिथूनच पकडायचं होतं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणून धरला. दोरा युरोपकडं गेलाच नाही. तो वर गेला, हिमालय, तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक समुद्राचा काठ, मग अलास्का, आणि तिथून खाली कॅलिफोर्निया! पोरगी बघतच राहिली. नंतर तेवढाच दोरा विषुववृत्ताच्या भोवती धरून बघितला, विषुववृत्त म्हणजे साधारण ४०,००० किलोमीटर, त्यात तो एक तृतीयांशाच्या जरासा वर भरला. अक्षांश रेखांश टाकून गणित केलं तर हैदराबाद ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर येतं सुमारे १३,५४० किलोमीटर, आणि मुंबईहून धरलं तर १३,५०० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखंच. जगातल्या कुठल्याही दोन जागांमधलं अंतर २०,००० किलोमीटरच्या फार वर जाऊच शकत नाही, कारण तेवढं गेल्यावर आपण पृथ्वीच्या बरोबर पलीकडच्या बाजूला पोचतो. नांदेडची पलीकडची बाजू म्हणजे दक्षिण प्रशांत महासागरातलं निव्वळ पाणी. त्या मानानं कॅलिफोर्निया म्हणजे पलीकडच्या बाजूपर्यंतच्या वाटेचा दोन तृतीयांश भाग पार केल्यासारखं आहे, आणि आता माणसं हे एका दिवसाच्या आत करायलीत, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पण विमान त्या सरळ दोऱ्यावरून जात नाही. तिबेटच्या पठारावरून जाणं विमान कंपन्या सहसा टाळतात, कारण विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर पायलटला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथं तर जमीनच त्याच्यापेक्षा उंच आहे. शिवाय हैदराबादहून थेट विमान आम्हाला नव्हतंच, मध्ये कुठंतरी बदलायचंच होतं. आम्ही दुबईमार्गे काढलं. हैदराबाद ते दुबई सुमारे २,५५० किलोमीटर आणि दुबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०००, मिळून साडेपंधरा हजार. म्हणजे सरळपेक्षा दोन हजार किलोमीटर जास्त. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा धरून बघा एकदा, तो जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जातो आणि उत्तर ध्रुवापासून दोनशेक किलोमीटरवरून पलीकडं उतरतो. हे बघितल्यावर मला प्रवासाची खरी ओढ लागली.

आता मुंबई की हैदराबाद, यावर आमच्याकडं लई चर्चा झाली. मामा म्हणत होते, मुंबईहून जा, देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी मुंबई. मी असं मांडलं: मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे हवेतलं अंतर हैदराबादपेक्षा सहाशे किलोमीटर कमी. पण नांदेड ते मुंबई रेल्वेनं सहाशेच्या वर, आणि नांदेडहून हैदराबादचं शमशाबाद विमानतळ देगलूर, संगारेड्डी करून रिंग रोडनं गेलं तर पावणेतीनशेच्या आसपास. विमान सहाशे किलोमीटर पाऊण तासात जातं, आपण जमिनीवर तीनशे किलोमीटर जायला पाच-सहा तास घेतो! म्हणजे हवेतले पाऊण तास वाचवायला जमिनीवर निम्मी रात्र घालवायची. लातूर, उदगीर, देगलूर, नांदेडकडच्यांना हैदराबादच परवडतं असं माझं स्पष्ट मत आहे. जालना, संभाजीनगरवाल्यांचं वेगळं, त्यांना आता समृद्धी महामार्गानं मुंबई जवळ आलीय. नांदेडच्या विमानतळावरूनही हैदराबादला छोटं विमान असतं, पण त्याचं तिकीट वेगळं निघतं, ते लेट झालं तर पुढचं मोठं विमान तुमच्यासाठी थांबणार नाही आणि नवं तिकीट तुमच्या खिशातून. म्हातारं माणूस सोबत असताना ती जोखीम घेऊ नये. आम्ही गाडी केली.

वेळेबद्दल एक गोष्ट मला हिशोब करताना खूप आवडली. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास, मग तेरा हजाराला साडेचौदा तास पाहिजेत, तिकिटावर मात्र सोळा असतात. का? एक तर तिकिटावरची वेळ ही गेटपासून गेटपर्यंतची असते, धावपट्टीकडं सावकाश जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत गेटला लागणं, हे सगळं त्यात धरलेलं. दुसरं म्हणजे विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, जरा वाकडंतिकडं. आणि तिसरा वारा. वर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारे वाहतात, कधी ताशी दोनशे किलोमीटर आणि त्याच्याही वर. सायकलवर वारा पाठीशी असला की पायडल हलकं लागतं तसंच. एअर इंडियानं २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी उलट्या बाजूनं, प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली होती. अटलांटिककडून अंतर १३,९०० किलोमीटर, प्रशांतकडून १५,३००, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, तरीही ते साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर, कारण वारा पाठीशी. लांबचा रस्ता आणि कमी वेळ! नुसते किलोमीटर बघून वेळ ठरवू नका म्हणतो ते यासाठी.

अन् आकाशही सगळ्यांना सारखं मोकळं नाही. २०२२ पासून रशियानं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आपल्या हद्दीतून जायला बंदी केलीय, आणि २०२५ च्या एप्रिलअखेरपासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना. त्यामुळं त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीला कमी वेळ लागतो, दुसरीला दोन-तीन तास जास्त, मध्ये कुठं इंधनाला थांबावं लागलं तर आणखी. जुन्या माहितीवर जाऊ नका, ज्या महिन्यात जायचंय त्या महिन्याचं वेळापत्रक बघा.

आता तासांचा मुख्य घोळ, म्हणजे घड्याळं. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ तिथली तिथली असते. आमचं विमान हैदराबादहून शनिवारी पहाटे ४.२० ला निघणार, दुबईला सकाळी ६.४० ला, तिथून ८.५० ला निघून सॅन फ्रान्सिस्कोला शनिवारीच दुपारी १.५० ला. गल्लीतल्या काकांनी ४.२० मधून १.५० पर्यंत मोजलं आणि साडेनऊ-दहा तास सांगितलं. पण दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं, आणि कॅलिफोर्निया ऑक्टोबरमध्ये साडेबारा तास मागं. म्हणून साडेनऊमध्ये साडेबारा मिळवायचे, बावीस तास. तपासून बघायचं असंल तर सगळ्या वेळा आधी आपल्या घड्याळात करून घ्या, मला तीच पद्धत सगळ्यात सोपी वाटली. ४.२० ला निघालो, ८.१० ला दुबई, १०.२० ला तिथून निघालो, आणि सोळा तासांनी म्हणजे आपल्याकडच्या रविवारी पहाटे २.२० ला पोचलो. तीन तास पन्नास मिनिटं, दोन तास दहा मिनिटं, सोळा तास, बरोबर बावीस. हे असं मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पर्समध्ये ठेवलं. तिचं मनगटी घड्याळ मी बदलू दिलं नाही, तिच्यासाठी सगळा प्रवास नांदेडच्या वेळेवर.

आणखी एक, शनिवारी पहाटे ४.२० म्हणजे घरून शुक्रवारी दुपारी निघायचं. हे लिहायला साधं वाटतं पण तारखेत लोक इथंच फसतात, रात्री बारानंतरचं विमान असलं की निघायची तारीख आदल्या दिवशीची, हे कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

डॉक्टरांनी आईला सांगितलं की गोळ्या विमानात आपल्याच घड्याळानं घ्या, पोचल्यावर दोन दिवसांत तिकडच्या वेळेवर आणा. तुमचं औषध वेगळं असंल, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. पायात घट्ट मोजे घालायला सांगितले आणि दर दीड-दोन तासांनी उठून चालायला, कारण इतका वेळ बसून पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगितली होती. आईला आधी ते कमीपणाचं वाटायलं, पण दुबईचं विमानतळ बघितल्यावर म्हणाली बरं झालं माय, एवढं चालले असते तर तिथंच बसले असते. सोबत दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि उपवासाचं.

उपवासाचं, कारण आई शनिवार धरते. मारुतीचा, लग्नाच्या आधीपासूनचा. दिवसभर फराळाचं थोडं थोडं खायचं, शुगर असल्यामुळं ते तर डॉक्टरांनीही बजावलेलं, आणि दिवे लागल्यावर जेवून सोडायचा. शनिवार टाळून तिकीट बघ असं ती एकदा म्हणाली पण त्या दिवशीचंच स्वस्त होतं.

शुक्रवारी तीनला निघालोत. देगलूरला चहा, पुढं तेलंगणात रस्ता चांगला, रात्री नऊच्या सुमाराला शमशाबाद. सामान, इमिग्रेशन, तपासणी, हे सगळं बाराच्या पुढं सुरू झालं आणि सुरळीत झालं. दुबईपर्यंत आई झोपली. दुबईत दोन तास म्हणजे ऐकायला पुष्कळ वाटतात, पण एका टर्मिनलमधून दुसऱ्या गेटला, परत तपासणी, परत अमेरिकेसाठीचे प्रश्न, आम्ही पोचलो तेव्हा बोर्डिंग चालू झालेलं. व्हीलचेअर ढकलणारा माणूस नसता तर अवघड होतं. म्हाताऱ्या माणसाबरोबर तीन तासांचा लेओव्हर, म्हणजे विमान बदलायचा मधला वेळ, घ्या, थोडा वेळ जास्त गेला तरी चालंल.

मग तो सोळा तासांचा टप्पा. समोरच्या स्क्रीनवर नकाशा असतो, उंची, वेग, किती किलोमीटर उरले, सगळं. माझं लक्ष सिनेमात लागलंच नाही, मी तोच बघत बसलो. इराण, कॅस्पियन समुद्र, मग रशिया, आणि विमान सरळ वर वर. दुपारचं जेवण झाल्यावर खिडक्या बंद केल्या होत्या, मी मागं जाऊन दाराजवळच्या छोट्या खिडकीतून बघितलं तर सूर्य खाली टेकलेला. दुबईहून निघून सात तासही झाले नव्हते! नकाशावर नाव होतं नोवाया झेमल्या, रशियाच्या उत्तरेची बेटं. ऑक्टोबरमध्ये इतक्या उत्तरेला दिवस अगदी आखूड होतो आणि ध्रुवाजवळ तर सप्टेंबरच्या शेवटापासून सूर्य उगवतच नाही, सहा महिने. आम्ही त्या अंधाराच्या टोपीखाली शिरत होतो.

आईला दाखवायला आणलं. ती बघून म्हणाली, दिवस मावळला, सोडू का उपवास? मग तिनं स्वतःच मनगटावरचं घड्याळ बघितलं, सव्वापाच वाजले होते. म्हणाली, घरी अजून दिवस आहे, तुळशीपुढं दिवा लागला की सोडते. आणि ती बसली जागेवर जाऊन. सहा वाजून गेल्यावर, नांदेडला जेव्हा दिवेलागण होते त्या वेळेला, हात जोडले, दशमी आणि चटणी काढली, मलाही दिली. तेव्हा आम्ही उत्तर ध्रुवाच्या दिशेनं बर्फाच्या समुद्रावर होतो, ताशी ९०० च्या वेगानं. मी देवभोळा माणूस नाही पण ती दशमी मला लई गोड लागली.

त्यानंतर तीन-चार तासांत पुन्हा उजाडलं. कॅनडाच्या उत्तरेची बेटं खाली, पांढरी, आणि क्षितिजावर सूर्य वर यायलेला. वार तोच, शनिवार, तारीख तीच, आणि सूर्य दुसऱ्यांदा उगवला. आईनं विचारलं हा रविवारचा का? तिच्या घड्याळात रात्रीचे सव्वानऊ झाले होते. मी सांगितलं, नाही, हा इकडचा शनिवार, आपण पश्चिमेचं घड्याळ पकडलंय म्हणून दिवस लांबला, नांदेडच्या मध्यरात्रीपासून कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्रीपर्यंत आपला शनिवार साडेछत्तीस तासांचा आहे. ती म्हणाली, मी माझ्या मारुतीच्या शनिवारचा धरलेला, तो झाला. तिचं बरोबर होतं. प्रवासात एकच घड्याळ धरून चाललं की माणूस गोंधळत नाही, आणि उपवास असो की गोळी, ठरल्या वेळेला होतं.

सॅन फ्रान्सिस्कोला वेळेवर उतरलो. इमिग्रेशनची रांग मोठी, व्हीलचेअरमुळं आम्ही जरा लवकर सुटलो, खायचं काय आणलंय ते विचारलं, सगळं सांगितलं, जाऊ दिलं. भाऊजी बाहेर उभे. तिथून सनीव्हेलला ताईच्या घरी पोचेपर्यंत तिकडचे साडेचार, म्हणजे आपल्याकडचे रविवारचे पहाटेचे पाच. शुक्रवारी दुपारी तीन ते रविवारी पहाटे पाच, अडतीस तास. त्यातले विमानातले वीस, उरलेले अठरा गाडीत, रांगेत, खुर्चीत वाट बघण्यात. ताईचा आकडा सगळ्यात खरा निघाला. विमानाचे वीस तास तुम्ही काही केलं तरी कमी होणार नाहीत, पण त्या अठरा तासांत आईवडिलांना बसायला जागा, पाणी, बाथरूम, झोप मिळंल का, हे तुमच्या हातात आहे आणि थकवा तिथंच ठरतो.

आठ दिवस आईची झोप उलटी होती, रात्री दोनला उठून बसायची. ताई तिला सकाळी उन्हात फिरवायची, त्यानं हळूहळू बसलं. बाळ दिवाळीच्या पुढं झालं, मुलगी.

मी नोव्हेंबरच्या मध्यात एकटा परतलो, दुकान भावावर किती दिवस टाकणार. परतीत तारखांचा अंदाज आधीच घेऊन ठेवा, घरच्यांना न्यायला यायचं असतं. शनिवारी दुपारी ३.४५ ला निघालो आणि हैदराबादला सोमवारी पहाटे २.५५ ला. एअर इंडियाचं २०२१ च्या जानेवारीतलं सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर विमान आठवत असंल, कॅप्टन झोया अगरवाल आणि सगळ्या महिला पायलट, उत्तर ध्रुवावरून आणलेलं, ते ९ तारखेला निघून ११ तारखेला उतरलं होतं, हवेत मात्र सतराच्या आसपास तास. तसंच हे. माझा रविवार तिकडच्या मध्यरात्रीला सुरू होऊन आपल्या मध्यरात्रीला संपला, साडेदहा तासांत. दुबई-हैदराबाद टप्पा जाताना तीन पन्नास होता, येताना तीन पंचवीस, पाठीशी वारा. ध्रुवावरच्या टप्प्यात तेवढा फरक पडत नाही, कारण तो उत्तर-दक्षिण, वारा आडवा लागतो.

घरी पोचून आईला फोन केला तर तिनं विचारलं, जाताना तुला साडेबारा तास मिळाले होते ना, मग येताना तेवढेच गेले का? मी म्हणलं नाही, साडेतेरा गेले. मग एक तास बुडाला की! तो बुडाला नव्हता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे अमेरिकेत घड्याळं एक तास मागं करतात, त्या रात्री आम्ही ताईच्या घरी झोपेत होतो आणि तो एक तास आम्हाला तिथंच मिळाला. साडेबारा अधिक एक, साडेतेरा. आई फेब्रुवारीत येणार आहे, तिचाही हिशोब असाच जुळंल. मार्चचा दुसरा रविवार ओलांडून थांबली तर तिकडचं घड्याळ पुन्हा एक तास पुढं जाईल, तो तास तिथं जाईल आणि येताना साडेबाराच द्यावे लागतील. तिकीट काढण्याआधी तेवढी तारीख बघून घे असं ताईला सांगून ठेवलंय, कारण पलीकडं गेलं की आपल्या घड्याळातल्या सगळ्या वेळा एक तासानं सरकतात आणि पुठ्ठा नवा लिहावा लागतो.